संक्रांतीला मी जे बोलले ते

विशाखा,

तुझ्या अंत्यविधीला मी सात मिनिटं बोलले. क्रेमेटोरियममध्ये सगळं मिळून अर्ध्या तासाचा स्लॉट होता. कॉव्हेंट्रीहून आलेल्या उपासकांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, तुझ्या लॅबमधली एक बाई दोनच वाक्यं बोलली आणि रडत खाली बसली, आणि उरलेला वेळ माझा. सुजाताने मला आठवडाभर आधीच फोन करून सांगितलं होतं की आईची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण तू, तेव्हा मराठीत आणि इंग्लिशमध्ये तूच बोलायचंस. मी बोलले. लोक हसले, लोक रडले, बाहेर आल्यावर तीन जणांनी माझा हात हातात घेऊन 'छान बोललात' म्हटलं. सगळं सांगितलं मी. एकच गोष्ट सोडली, आणि खरं तर मला तेवढीच सांगायची होती.

ती आता सांगते. उशिरा सांगतेय, तुझ्यापर्यंत पोचणार नाही हेही माहीत आहे, पण तुझ्याशी बोलायची सवय आठ वर्षांची आहे. ती महिन्याभरात जात नाही.

आपली पहिली भेट मी त्या सात मिनिटांत सांगितली, पण अर्धीच. आपल्या मुली सातवीत, म्हणजे इथल्या यिअर सेव्हनमध्ये जाणार होत्या. शाळेच्या हॉलमध्ये नव्या पालकांची संध्याकाळ होती. एक हाय स्ट्रीट, एक चर्च आणि चार न्हावी एवढंच आपलं गाव, तिथे मागच्या रांगेतून आवाज आला, "सुजू, आता पुरे हं, घरी गेल्यावर बघते तुला." मी गर्रकन मागे वळले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी लोकांना सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. पुढचं असं, की पाच मिनिटांत मी तुझं नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनावावरून मला नीट उमगेना, म्हणून विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" तू नागपूर म्हणालीस. मी म्हटलं, हो, पण मूळच्या?

तू ज्यूसचा कागदी कप खाली ठेवलास. "आम्ही बौद्ध," म्हणालीस, "आता पुढचे तीन प्रश्न वाचले. बिस्किट घेणार?"

मी हसले, घाईघाईने म्हटलं की छे छे, मी तसं काही विचारत नव्हते, आमच्या घरी असलं काही मानत नाहीत. 'आमच्या घरी मानत नाहीत' हे वाक्य मी जन्मभर म्हणत आले. पुण्यात आई म्हणायची, मीही म्हणायला लागले. कुणी विचारलेलं नसताना आपण हे का सांगत सुटतो, असा प्रश्न मला कधी पडला नाही. तुला पडला असणार. तू मला बिस्किट दिलंस.

मग आपण मैत्रिणी झालो, आणि ती मैत्री खोटी नव्हती हे मी कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे. मी सातच्या गाडीने बर्मिंगहॅमला कामाला जायचे. गावातली शाळेची बस बंद झाली तेव्हा तू मला विचारलंही नाहीस, सोमवारी सकाळी आठला दहा कमी असताना आमच्या दारासमोर गाडी उभी केलीस आणि माझ्या गार्गीला हॉर्न दिलास. त्यानंतर मुली शाळेतून बाहेर पडेपर्यंत रोज. गार्गीचे दात घासून झालेत की नाही हे माझ्याआधी तुला कळायचं. तिला पाळी आली ती तुझ्या गाडीत. सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या, कॉमन रूममध्ये टोस्टरवरून कुणाची भांडणं झाली, कोण कुणाशी बोलत नाही, कोणत्या मुलाने कुणाला प्रॉमला विचारलं, हे सगळं मला तुझ्याकडून कळायचं. मी तिची आई, आणि बातमीदार तू.

भांडायचोही आपण. एक भांडण तर शेवटपर्यंत मिटलं नाही. तू एप्रिलमध्ये जयंतीला सुजाताला कॉव्हेंट्रीच्या हॉलवर न्यायचीस. पांढरी साडी, निळी किनार, डब्यात खीर. एका वर्षी गार्गी म्हणाली, मी पण जाते. मी म्हटलं, तुझी रिव्हिजन आहे. तुला मी वेगळं कारण दिलं. म्हटलं, इथे जन्मलेल्या मुलींच्या डोक्यात ही जातीची भानगड कशाला घालायची, इथे कुणी विचारत नाही. तू शांतपणे म्हणालीस, "इथे कुणी विचारत नाही असं तूच म्हणतेस, आणि पहिल्या दिवशी तूच विचारलंस."

मी चिडले. तुला सगळ्यात तेच दिसतं, म्हणाले. तू म्हणालीस, मला दिसत नाही गं, मला दाखवतात. दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू मेथी दारात ठेवून गेलीस आणि मी तुला मेसेज केला की निवडून का नाही दिलीस. झालं, मिटलं असं मी धरून चालले. मेथीवर मिटण्यासारखं ते नव्हतं.

मुली यिअर ट्वेल्व्हला, म्हणजे शेवटून दुसऱ्या वर्षाला असताना शाळेने युनिव्हर्सिटीच्या प्रवेशाची माहिती द्यायला पालकांना बोलावलं होतं. मला पार्किंगची घाई होती, मी मध्येच उठले. तू शेवटपर्यंत बसलीस, हात वर करून प्रश्न विचारलेस आणि दुसऱ्या दिवशी एक फॉर्म घेऊन आलीस. इथून तासाभरावरच्या युनिव्हर्सिटीत सहा शनिवारांचा कोर्स आहे, दोघींना घालूया. मी भाजी चिरत होते. ओल्या हाताने सही केली, वाचलं नाही. सहाही शनिवार तूच त्यांना घेऊन गेलीस, घेऊन आलीस. मी समजत होते की नुसती युनिव्हर्सिटीची ओळख करून देतात. तो कोर्स कशासाठी होता हे मला दीड वर्षाने कळलं, आणि कळलं तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आता संक्रांत.

दरवर्षी माझ्याकडे हळदीकुंकू असायचं. कॉव्हेंट्री, रग्बी, लेमिंग्टनहून पंधरा-वीस बायका यायच्या. तू हळदीकुंकू लावून घ्यायची नाहीस, पण यायचीस, मुद्दाम लवकर यायचीस, कारण वीस जणींचा चहा मला एकटीला झेपत नाही हे तुला माहीत होतं. गेल्या वर्षी त्याच आठवड्यात सुजाताला मेडिसिनची ऑफर आली होती. मी तुला मिठी मारली होती, खरंच आनंद झाला होता. पण मी घरी येऊन युनिव्हर्सिटीची वेबसाइटही उघडली होती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. वेबसाइटवर प्रवेशासाठी शेवटच्या परीक्षेत तीन ए ग्रेड हवेत असं लिहिलं होतं. सुजाताला दोन ए आणि एक बी मागितला होता. गार्गीचं अजून काहीच आलेलं नव्हतं, आणि मला ते टोचत होतं. हेही आज पहिल्यांदाच कबूल करतेय.

हॉलमध्ये एक बाई मला म्हणाल्या, तुमच्या मैत्रिणीच्या मुलीला मेडिसिन मिळालं म्हणे, हुशार दिसते. मी काय म्हणायला हवं होतं? हो, फार हुशार आहे, एवढंच. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "त्यांचं काय हो, त्यांना इथेही सवलत मिळाली. कुठेही जा, कोटा काही सुटत नाही."

दोघी-तिघी हसल्या. मीही हसले. मग त्या हसायच्या थांबल्या, म्हणून मी मागे पाहिलं. तू स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस.

तू पुढे आलीस आणि एकेकीला चहा दिलास. साखरेचा कोणता, बिनसाखरेचा कोणता, हे प्रत्येकीला सांगत होतीस. मलाही दिलास. मग सगळ्या जाईपर्यंत थांबलीस, कप विसळलेस, "येते गं" म्हणालीस. मी म्हटलं, तिळगूळ घेऊन जा. तू घेतलास. मला वाटलं, ऐकलं नसावं. खरं सांगायचं तर, ऐकलं नसावं असं मी ठरवलं.

सोमवारी सकाळी आठला दहा कमी असताना तू हॉर्न दिलास. मी त्या दिवशी सुट्टीवर होते, पडद्याआडून बघत होते. गार्गी पळत जाऊन गाडीत बसली, तू मागे वळून तिला काहीतरी म्हणालीस, ती हसली. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, बघ, काही नाही झालं. किती निलाजरेपणाने सुटका करून घेतो माणूस स्वतःची.

मार्चमध्ये गार्गीला लॉची ऑफर आली. एक ए आणि दोन बी. वेबसाइटवर तिथेही तीन ए होतं. तेव्हा मात्र मला कोटा आठवला नाही. मी आईला फोन करून सांगितलं की हिने अर्जात स्वतःबद्दल लिहिलेलं स्टेटमेंट इतकं छान होतं की त्यांनी ग्रेडच कमी मागितले. आणि तुलाही मी तेच सांगितलं, विशाखा, तुझ्याच गाडीत बसून. तू समोर रस्त्याकडे बघत म्हणालीस, "हो, लिहिते छान ती."

मेच्या शेवटी मुलींचा शाळेतला शेवटचा दिवस होता. पाठीवर वर्गातल्या सगळ्यांची नावं छापलेल्या त्या मरून हूडी घालून पोरं हाय स्ट्रीटवर भटकत होती, एकमेकांच्या शर्टांवर सह्या करत होती, शिक्षकांच्या गळ्यात पडत होती. ज्या चिप्सच्या दुकानासमोर पाच वर्षं प्रत्येक शुक्रवारी उभी राहिली, त्याच्यासमोर फोटो काढत होती. सुजाताने त्यांच्या असेम्ब्लीत भाषण केलं. त्यात तिने तुझ्या गाडीचे आभार मानले, तुझे मानले नाहीत, म्हणून तू लटकं रागावलीस. गार्गी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिथे होते. ती माझ्याकडे आली नाही, आणि मला रागवायलाही तोंड नव्हतं.

प्रॉमला, शाळा संपतानाच्या त्या नाचाच्या पार्टीला, गार्गीला साडीच नेसायची होती. मला धड निऱ्या घालता येत नाहीत, पुण्यात वाढून. तू तुझी जांभळी पैठणी घेऊन आलीस, लग्नातली. गुडघ्यावर बसून तिच्या निऱ्या लावल्यास, तोंडात पिना धरून तिला म्हणालीस, पोट आत घेऊ नकोस, सरळ श्वास घे, नाचायचंय तुला. मी पलंगावर बसून तुमच्या दोघींकडे बघत होते. तेव्हा बोलायला हवं होतं. मुली तयार होऊन गेल्यावर आपण दोघीच घरात होतो, तू पिनांची डबी बंद करत होतीस. मी चहा टाकू का असं विचारलं.

ऑगस्टमध्ये निकाल. शाळेच्या कार पार्कमध्ये आपण दोघी गाडीला टेकून उभ्या होतो. सुजाता आली, एक ए-स्टार, दोन ए. तिला सवलत लागलीच नव्हती. मग गार्गी आली. रडत होती, म्हणून मी घाबरले, पण कागदावर नेमके मागितलेले एक ए, दोन बी होते. ती म्हणाली, "आई, लागला नंबर. माझी ऑफर एवढीच होती ना, शनिवारच्या स्कीमवाली. थँक गॉड मावशीने फॉर्म भरला."

कुठली स्कीम, मी विचारलं. तिने मला समजावलं, जसं एखाद्या लहान मुलाला समजावतात. आपल्यासारख्या गावातल्या ज्या शाळांमधून फारशी मुलं युनिव्हर्सिटीत जात नाहीत, त्या शाळांतल्या मुलांसाठी ती स्कीम होती. सहा शनिवार केले की ऑफर कमी ग्रेडची येते. जातीचा तिथे कुणाला पत्ताही नव्हता. पत्ता होता तो मुलींच्या शाळेचा, आणि ती दोघींचीही एकच होती. ज्या सवलतीवरून मी सुजाताला बोलले, तिच्याशिवाय माझी मुलगी आज त्या वर्गात बसली नसती.

मी तुझ्याकडे पाहिलं. तुला बोलायला किती चांगली वेळ होती ती. एक वाक्य पुरलं असतं. तू गार्गीचे डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "चला, दोघी लागल्या."

सप्टेंबरात मुली गेल्या. आपली घरं रिकामी झाली. रविवारी आपण कॅनॉलच्या कडेने चालायला लागलो. एका रविवारी मी ठरवून निघाले होते. बाकावर बसलो तेव्हा म्हटलं, "विशाखा, संक्रांतीला..." तू वळून माझ्याकडे पाहिलंस. पूर्ण वळलीस, हातातले मोजेसुद्धा काढलेस. वाट बघत होतीस तू, आता मला दिसतं ते. आणि मी म्हटलं, "संक्रांतीला यंदा तिळाच्या वड्या तू करशील का?"

तू मोजे पुन्हा घातलेस. "तू कर," म्हणालीस, "मला यायला जमेल की नाही, बघते." डिसेंबरात तू लॅबमध्ये चक्कर येऊन पडलीस आणि दोन दिवसांत सगळं संपलं. हॉस्पिटलमध्ये मी तुझ्या कानाशी जाऊनही बोलले. लवकर बरी हो, म्हटलं. तिथेही तेवढंच.

अंत्यविधीनंतर कम्युनिटी हॉलमध्ये जेवण होतं. गार्गीची परीक्षा होती म्हणून ती दुपारीच परत गेली होती. सुजाता माझ्या शेजारी येऊन बसली, ताटातला भात नुसता चिवडत. तुझ्यासारखीच दिसते बाजूने.

"मावशी, तू छान बोललीस," ती म्हणाली. "पण मला वाटलं तू संक्रांतचं सांगशील. म्हणून तर मी तुलाच बोलायला सांगितला."

मी हातातला घास ताटात ठेवला. तुला काय माहीत, असं मी विचारलं, निदान विचारायचा प्रयत्न केला.

"मी आईच्या मागे होते. दूधचा जग घेऊन." तिने चमचा खाली ठेवला. "कारमध्ये मी खूप चिडली. मी म्हटलं, आता गार्गीला लिफ्ट नाही द्यायचा. आई म्हणाली, गार्गीला हे कधी सांगायचं नाही. तिची ऑफर अजून यायची आहे, आणि तीपण तशीच येणार. तिच्या आईने काय म्हटलं ते कळलं तर ती ती ऑफर घेणारच नाही, she'll be too embarrassed. मग मी नाही सांगितलं. आत्तापर्यंत नाही."

एवढं बोलून ती उठली, कारण कुणीतरी तिचा निरोप घ्यायला आलं होतं. मी सगळ्यांसमोर माफी मागू शकले असते. माझं वाक्य ज्यांना लागलं असतं ती सगळी माणसं हॉलभर होती, आणि त्या संक्रांतीला हसलेल्यांपैकीही एक तिथे होती. मी ताट उचलून कचऱ्याच्या डब्याकडे गेले.

म्हणजे तू त्या सोमवारी हॉर्न दिलास तो माफ करून नव्हे, विशाखा. मी इतके महिने तसं समजून सुखात राहिले. तू माझ्या मुलीचं वर्ष वाचवत होतीस, माझ्यापासून. मला तू माफ केलंस की नाही, हे मला कधीच कळणार नाही, आणि ते विचारायचा हक्क मी त्या कॅनॉलवरच्या बाकावर घालवला. तुझे उपकार मानावेत तर तोंड नाही, आणि न मानावेत तर मी माणूस नाही. तू गेलीस याचं दुःख मला आहेच, गं. रविवार उजाडला की घर खायला उठतं. पण त्या दुःखावर माझा पुरता हक्क नाही असं सारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी सुजाताला भेटायला गेले. तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मी ते वाक्य पुन्हा उच्चारलं, एकही शब्द न बदलता, आणि म्हटलं की हे मी बोलले, हे नीच होतं आणि खोटंही होतं, मला माफ कर असं मी म्हणणार नाही, पण मी बोलले हे तुझ्यासमोर मान्य करते. तिने मान डोलावली. मग विचारलं, गार्गीला सांगणार? मी म्हटलं, तुझ्या आईने नको म्हटलं होतं. ती म्हणाली, आईने मला नको म्हटलं होतं, तुला नाही.

त्या संध्याकाळी मी गार्गीला फोन केला. सगळं सांगितलं, हळदीकुंकू, चहाचा ट्रे, कार, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "पण तू मावशीला सॉरी म्हणालीस ना?"

नाही म्हटलं.

तिने फोन ठेवला. त्याला आज नऊ दिवस झाले. मी रोज फोन लावते, तो वाजत राहतो आणि बंद होतो, आणि दर वेळी मला वाटतं, बरोबर आहे तिचं.